फोरेची पाव्हान व्हायोलिनवर कशी बसवावी

फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेची पाव्हान (ओपस ५०, १८८७) वाचायला अवघड नाही. तिसऱ्या पोझिशनपर्यंत (पोझिशन म्हणजे तारेवर डावा हात ठेवायची जागा) हात गेलेला विद्यार्थी आठवड्याभरात सगळे स्वर काढतो आणि नेमका तिथेच फसतो. स्वर बरोबर असतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की कुणाच्या तरी तेराव्याला वाजवतायत.

पाव्हान हा सोळाव्या शतकातला दरबारी नाच. जोडप्यांनी हातात हात घेऊन, रांगेने, ऐटीत चालत जायचं. फोरेने धून दिली फ्ल्यूटला आणि तिच्याखाली तंतुवाद्यांचं पिझिकाटो ठेवलं, म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारा. व्हायोलिन-पियानोच्या प्रतीतून वाजवताना आपण फ्ल्यूटवाल्याची जागा घेतो आणि खालच्या चालणाऱ्या पायांना विसरतो. म्हणून पुढच्या क्रमात बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, बऱ्याच उशिरा हातात येतो. मधले टप्पे गाळून थेट धुनेवर उडी मारायचा मोह होईल. मारलीत तर महिन्याभराने परत दुसऱ्या टप्प्यावर यावं लागेल. मी आलो होतो.

## १. प्रत आणि वाद्य

मूळ रचना एफ-शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे सुरुवातीला तीन शार्प (सूर अर्धा स्वर चढवणारी चिन्हं). विद्यार्थ्यांसाठी केलेल्या बऱ्याच प्रतींत ती ई मायनरमध्ये उतरवलेली असते, तिथे एकच शार्प दिसेल. दोन्ही चालतात. व्हायोलिनचा कागद एका प्रतीतला आणि पियानोचा दुसरीतला, हे मात्र चालत नाही, आणि इंटरनेटवरून सुटी पानं उतरवणाऱ्यांचं हमखास हेच होतं. फोरे १९२४ साली गेला, त्यामुळे मूळ संगीतावर आता कॉपीराइट नाही. एखाद्याने अलीकडे केलेल्या रूपांतरावर तो असू शकतो, तेव्हा छापील प्रत विकत घेतलेली बरी.

काही प्रतींत सुरुवातीची धून एक सप्तक वर नेलेली असते. ती टाळा. खालच्या पट्टीतल्या फ्ल्यूटचा जो धुरकट, किंचित श्वासाळलेला आवाज आहे, त्याच्या जवळ व्हायोलिनची डी तार जाते. ई तारेवर तीच धून चकाकायला लागते.

आणखी एक गोंधळ. रावेलचीही एक प्रसिद्ध पाव्हान आहे, १८९९ची, मूळ पियानोसाठी, आणि तिच्या नावातच मृत राजकन्या आहे. रावेल फोरेचा विद्यार्थी. दुकानात ‘पाव्हान’ एवढंच मागितलं तर हाती काय पडेल सांगता येत नाही. मला वाटतं, फोरेच्या पाव्हानवर जे सुतक चढतं, त्यातलं निम्मं त्या दुसऱ्या शीर्षकामुळे असावं.

तुम्ही हिंदुस्तानी पद्धतीने शिकला असाल तर व्हायोलिन सा-प-सा-प असं, गायकाच्या सोयीच्या पट्टीत लावलेलं असेल. ते जी-डी-ए-ई वर आणताना एका बैठकीत तारा ताणू नका. प्रत्येक तार थोडी थोडी चढवा, मध्ये ब्रिज (तारांखालची घोडी) सरळ उभा आहे का ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.

पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात वाजवणाऱ्यांसाठी: ओल धरून बोचे केस लांबतात, म्हणून स्क्रू नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतो. वाजवून झाल्यावर तो सैल करायचाच. राहिला, तर हवा कोरडी पडल्यावर केस आखडतात आणि काठी वाकते.

तपासा: दोन्ही कागदांवर बारना (उभ्या रेघांमधल्या कप्प्यांना) पेन्सिलने क्रमांक घाला. शेवटचा आकडा जुळला नाही तर प्रती वेगळ्या आहेत. पुढे जाऊ नका.

## २. आधी पाय

व्हायोलिन पेटीतच राहू द्या. हॉलमधलं टेबल बाजूला सरकवा.

पाव्हानची पावलं आपल्याला १५८९च्या एका नृत्यपुस्तकातून नीट माहीत आहेत. ते लिहिलं लांग्र गावातल्या एका धर्मगुरूने, त्वानो आर्बो या टोपणनावाने. पावलं दोनच प्रकारची. साधं पाऊल म्हणजे एक पाय पुढे, मग दुसरा त्याला जोडायचा. दुहेरी पाऊल म्हणजे लागोपाठ तीन पावलं आणि चौथ्याला जोडायचा. दोन साधी आणि एक दुहेरी, मग तेच उलट्या पायाने.

फोरेची रचना चार मात्रांच्या बारमध्ये आहे. सरावासाठी एका मात्रेला एक हालचाल धरा:

पहिला बार: डावा पुढे, उजवा जोडा, उजवा पुढे, डावा जोडा.
दुसरा बार: डावा, उजवा, डावा, उजवा जोडा.
तिसरा बार: उजवा पुढे, डावा जोडा, डावा पुढे, उजवा जोडा.
चौथा बार: उजवा, डावा, उजवा, डावा जोडा.

चार बार, दहा पावलं. वीतभर पावलं टाकलीत तर वन बीएचकेच्या हॉलमध्येही मावतं. भिंत आली की वळा.

सावधान: जोडलेल्या पायावर वजन टाकू नका. पुढचं पाऊल त्याच पायाचं आहे. वजन टाकलंत की दुसऱ्या बारला पाय अडकतो आणि ‘माझं कुठे चुकतंय’ म्हणून माणूस आकडे मोजायला लागतो. आकडे बरोबरच असतात.

चालताना टाळी द्या: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. आर्बोने ढोलासाठी दिलेला ठेका हाच आहे. लांब टाळी दोन मात्रांची, आखूड एकेक मात्रेची. पाय आणि टाळी न भांडता चार-पाच मिनिटं चालली की धून गुणगुणायला घ्या. एवढ्यातच एक गोष्ट कळेल, जी कागदावरून कळत नाही: बारच्या सुरुवातीला शरीर पुढे जातं, दाबलं जात नाही. पहिल्या मात्रेवर बो आपटणाऱ्यांना मी परत चालायला पाठवतो.

## ३. वेग ठरवा, आणि मग हलवू नका

स्वरलिपीवर वेग आहे आंदांते मोल्तो मोदेरातो (चालीचा, बेताचा), मेट्रोनोम ८४, म्हणजे मिनिटाला ८४ मात्रा. ब्रिटिश कंडक्टर एड्रियन बोल्ट यांनी खुद्द फोरेला ही रचना पियानोवर वाजवताना ऐकलं होतं. त्यांच्या आठवणीप्रमाणे वेग १००च्या खाली नव्हता. या संगीतावर पुढे रोबेर द मोंतेस्क्यू यांनी शब्द घातले, त्यांतही प्रेमिकांचे रुसवे आणि लटक्या तक्रारीच आहेत. तरीही विद्यार्थी मैफलींत हे ६०च्या आसपास वाजतं. मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं तेव्हा ५६ होतं. नंतर रेकॉर्डिंगला मेट्रोनोम लावून पाहिलं, तेव्हा खरं वाटेना.

पायांनीच ठरवा. मेट्रोनोम ५६ला लावून दुहेरी पाऊल टाका. एक पाय हवेत लटकतो आणि तोल सांभाळावा लागतो. ८४ला चाल आपोआप होते. १००ला जरा घाई वाटते, पण ती नाचणाऱ्याची घाई आहे, चुकीची नाही. सराव ७२पासून सुरू करा. बसल्यावर ८४. तिथे अंग सैल झालं तर ९२ करून पाहा. ६६च्या खाली फक्त सुरांची जागा शोधण्यापुरतं जायचं, धून म्हणून कधीच वाजवायचं नाही. बोच्या हाताला सावकाशीची सवय लागली की ती सुटत नाही.

मेट्रोनोमचा टोला चारही मात्रांवर ठेवू नका. ८४साठी यंत्र ४२ला लावा आणि टोला पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पडतोय असं धरा. दुसरी आणि चौथी तुमची तुम्ही सांभाळायची.

तपासा: फोनवर आठ बार रेकॉर्ड करा आणि सेकंद मोजा. ८४ला साधारण २३ सेकंद लागतात, १००ला १९, ६०ला ३२. तिशी ओलांडली तर मनात काय वाजत होतं याला अर्थ नाही.

## ४. साथ आधी, धून नंतर

आता व्हायोलिन काढा, बो पेटीतच. पियानोच्या डाव्या हाताची ओळ घ्या. व्हायोलिनच्या टप्प्याखाली जाणारे स्वर एक किंवा दोन सप्तकं वर उचला आणि सगळी ओळ बोटाने छेडा. तर्जनीच्या मांसल भागाने, फिंगरबोर्डच्या (बोटं ठेवायच्या काळ्या पट्टीच्या) टोकाशी, तार बाजूला ओढून सोडायची. नखाने किंवा ब्रिजजवळ छेडलंत तर टिचकीसारखा आवाज येतो. छेडलेला सूर पुढच्यापर्यंत रेंगाळला पाहिजे.

हे करताना धून तोंडाने म्हणा. तबल्याचा ठेका सोडून नुसती बंदिश घोकली तर बैठकीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तेच होतं: घरी मोकळी झालेली धून पियानो सुरू झाल्यावर दर दोन बारला अडखळते. पियानोवादक मिळाला की त्याची साथ एकट्याची रेकॉर्ड करून घ्या, ७२ आणि ८४ अशा दोन वेगांत. पुढचे दोन आठवडे त्या रेकॉर्डिंगवर जातील.

## ५. बोचा हिशोब

माझ्या मते खरं काम इथे आहे, आणि लोक डाव्या हाताच्या नादात ते सोडून देतात.

हिशोब सोपा आहे. ८४ला एक बार जवळजवळ २.९ सेकंदांचा. बोचे केस सुमारे ६५ सेंटिमीटर. एका बोत एक बार घेतलात तर ऐसपैस जागा आहे. दोन बार घेतलेत तर ५.७ सेकंद, मऊ आवाजात सहज जमतं. ६०ला तेच दोन बार आठ सेकंद मागतात, मग बो टोकाशी जाऊन थरथरतो आणि तो अशक्त सूर झाकायला माणूस व्हायब्रेटो (डाव्या बोटाने सुराला दिलेला कंप) वाढवतो. मंद वेगाची बरीचशी दुखणी अशी उजव्या हातातून येतात.

क्रमाने करा:

(अ) मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) डी तारेवर एका बोत एक बार, वर-खाली, पाच मिनिटं. चारही मात्रांना सारखी लांबी मिळाली पाहिजे. काठीच्या मध्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवा. तिसरी मात्रा सुरू होताना टेप तारेवर आला पाहिजे.

(आ) तेच दोन बारच्या बोत. टेप आता दुसऱ्या बारच्या सुरुवातीला.

(इ) धुनेची लय घ्या, पण सूर एकच ठेवा, मोकळी डी. प्रतीतल्या सगळ्या स्लरसकट (एका बोत जोडायचे सूर दाखवणाऱ्या कमानी). कंटाळा येईल. दोन दिवस तरी सोडू नका.

(ई) आता सूर घाला.

आवाज मऊ हवा म्हणून बो फिंगरबोर्डकडे सरकवा, पण तारेवरची पकड सोडू नका. वजन काढून घेतलं की आवाज मऊ होत नाही, भुरका होतो. पहिल्या सुराआधी बो तारेवर टेकवून ठेवा, पियानोची चाल ऐका, श्वास घ्या, मग ओढा. हवेतून उतरवलात तर पहिलाच सूर खरडला जातो.

सावधान: प्रत्येक लांब सुराच्या पोटात फुगा येतो का ते ऐका. सूर बारीक सुरू होतो, मध्ये फुगतो, पुन्हा बारीक होतो. वाजवणाऱ्याला तो भाव वाटतो. ऐकणाऱ्याला चार बारनंतर बोटीत बसल्यासारखं वाटतं. वाक्य फुगवायचं असेल तर चार बार मिळून एकदाच.

तपासा: रेकॉर्डिंग लावा आणि डोळे मिटून दर वेळी बो कुठे बदलला ते सांगायचा प्रयत्न करा. प्रत्येक बदल ओळखता आला तर (अ)वर परत जा.

## ६. डावा हात

प्रतीत मूळ उंची ठेवलेली असेल तर सुरुवातीची धून डी तारेवरच्या एफ-शार्प, जी-शार्प, ए, बी या पायऱ्यांच्या आसपास फिरते. पहिल्या पोझिशनमध्ये वाजवलंत तर बीसाठी ए तारेवर जावं लागतं आणि आवाजाचा रंग ओळीच्या मध्यात बदलतो. दुसरी पोझिशन घ्या. एफ-शार्पला पहिलं बोट, पुढचे तिन्ही सूर त्याच तारेवर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बोटाखाली. पहिलं-दुसरं लांब, दुसरं-तिसरं चिकटून, तिसरं-चौथं लांब. पहिल्यानंतर थेट तिसरी पोझिशन शिकवायची पद्धत असल्याने दुसरीला लोक बिचकतात. इथे ती सर्वांत सोयीची आहे. ई मायनरच्या प्रतीत हेच बोटांचं गणित पहिल्या पोझिशनमध्ये येतं: ई, एफ-शार्प, जी, ए. म्हणूनच ती प्रत सोपी जाते.

मोकळी ए आणि मोकळी ई तार लांब सुरासाठी वापरू नका. बाकीचे सूर सावलीत आणि हा एकच उन्हात, असं होतं.

सुरेलपणासाठी आपल्याकडे एक चांगली सोय आहे. तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी तीनला लावा (ई मायनरसाठी पांढरी तीनला). एफ-शार्प हा षड्ज धरला की ए होतो कोमल गंधार, सी-शार्प पंचम, ई कोमल निषाद आणि ई-शार्प शुद्ध निषाद. या संगीतात दोन्ही निषादांकडे लक्ष हवं. कोमल निषादाचा भाग आसावरी थाटासारखा, जुन्या वळणाचा वाटतो. शुद्ध निषाद आला की सूर किरवाणीकडे झुकतो आणि षड्जाची ओढ लागते. रागांशी तुलना इथवरच, खाली पियानोचे कॉर्ड बदलत असतात. पण चिन्ह न पाहता सवयीने एकच निषाद लावणं ही चूक मी सगळ्यांत जास्त ऐकली आहे. सगळे ई-शार्प लाल पेन्सिलने गोल करा.

सावधान: तानपुऱ्यावर शुद्ध निषाद षड्जाला चिकटवून घ्यायची सवय असेल तर पियानोबरोबर तो चढा वाटतो. पियानोची पट्टी पक्की असते, ती तुमच्याकडे सरकणार नाही. आठवड्यातून एकदा तरी तानपुरा बंद करून पियानोच्या रेकॉर्डिंगवर सूर तपासा.

आणि मींड. हिंदुस्तानी हात असेल तर प्रत्येक दोन सुरांमध्ये ती आपोआप येते. एका वाक्यात एक ठेवा, तीही पोझिशन बदलताना, हलकी. बाकी ठिकाणी बोट सरळ पुढच्या जागी पडू द्या. पावलं घसरत नाहीत.

## ७. मधला जोरकस भाग

मध्ये आवाज चढतो, धून जास्त करारी होते. इथे दोन चुका होतात: वेग वाढतो, आणि बो दाबला जातो. उपाय एकच, जास्त लांब बो. आवाजाला लागणारी ताकद बोच्या लांबीतून आणि वेगातून आणा, बोटांच्या दाबातून नव्हे. पहिली धून परत येते तेव्हा वेग मूळचाच असला पाहिजे. बहुतेक जण तिथे थकून सैलावतात.

तपासा: फक्त सांधे वाजवा. मधल्या भागाआधीचे दोन बार आणि नंतरचे दोन, मेट्रोनोम ४२वर. मग परतीचा सांधा तसाच. आठ दिवस रोज.

## ८. व्हायब्रेटो

इथवर त्याशिवाय वाजवलं असेल अशी आशा आहे. आता घाला, पण अरुंद, आणि फक्त वाक्याच्या शिखरावरच्या सुरांना. प्रत्येक सुराला सारखाच दिलात तर सजावट राहत नाही, गुणगुण होते. एक-दोन सूर कोरडे सोडून पाहा. फ्ल्यूटचा आठव होतो.

## ९. पियानोबरोबर

पहिल्या तालमीत व्हायोलिन घेऊच नका. पियानोवादकाला साथ एकट्याने वाजवू द्या आणि तुम्ही दुसऱ्या टप्प्यातली पावलं टाका. खोलीत हसू होईल, होऊ द्या. पाय अडखळले तर साथ फार संथ आहे किंवा प्रत्येक बारच्या शेवटी थांबतेय. ‘जरा भाव आणा’ असं पियानोवादकाला सांगून काही होत नाही. ‘तिसऱ्या मात्रेनंतर थांबू नका’ हे लगेच कळतं. पेडल कमीत कमी वापरायला सांगा, कारण मूळच्या छेडलेल्या तारांमधली हवा पेडलखाली बुडते.

वेग कोण धरणार ते आधीच ठरवा. माझा आग्रह असतो की पियानोने. व्हायोलिनने बारच्या आत थोडं मागे-पुढे व्हावं, पण पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला दोघं एकत्र पोचलेली असावीत. तालमीत दोन-तीनदा तुम्ही एखाद्या ठिकाणी मुद्दाम वाजवायचं थांबा. पियानो तुमच्याशिवाय तशीच चालत राहिली तर साथ बसली. तीही थांबली, तर ती तुमच्या मागून येतेय आणि मंचावर दोघं मिळून मंदावणार.

शेवटाला वेग फार ओढू नका. शेवटच्या बारच्या आधी चाल किंचित सैल झाली की पुरे. शेवटचा सूर संपला तरी बो तारेवरच राहू द्या आणि पियानोचा आवाज पूर्ण विरेपर्यंत हात खाली घेऊ नका. बो आधी उचललात तर टाळ्या त्या उरलेल्या आवाजावरच पडतात.